शांताक्काच्या घरातल्या पिसवा

नळदुर्गात शांताक्काचं दही माहीत नाही असा ट्रकवाला त्या काळी शोधून सापडला नसता. सोलापूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी वळणावर थांबली की क्लीनर आधी धावायचा तो तिच्या गाडग्यांकडे. बाई उंचीने बेताची, पण आवाज असा की म्हशीसुद्धा कान टवकारून उभ्या राहायच्या. पिऊन आलेल्या एका ड्रायव्हरला तिने ताक घुसळायच्या रवीने भर रस्त्यात बदडलं होतं, तेव्हापासून तिच्यापुढे कुणी वाकडं बोलत नसे. विंचू ती चपलेने मारायची, सापाला काठी घेऊन सामोरी जायची. अशी ही बाई आयुष्यभर भ्यायली ती तिळाएवढ्या जिवाला. पिसवेला.

त्या भीतीला कारण होतं. शांताक्काचं माहेर माकणीचं. ती आठेक वर्षांची असताना गावात उंदीर पडू लागले. आढ्यावरून टपकन खाली पडायचे, गरगर फिरायचे आणि मरायचे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे येतात, आणि मग माणसाला प्लेगची गाठ येते, हे तेव्हा गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. सगळं गाव घरं सोडून माळावर खोपटी घालून राहायला निघालं. निघायच्या दिवशीच शांताक्काच्या आईच्या जांघेत गाठ दिसली. पुढे काय झालं ते शांताक्का कुणाला सांगत नसे. तिला एवढंच आठवायचं की वडील पोरांना घेऊन निघाले होते, आणि एका पायाला चिंधी बांधलेली आई लंगडत दारापर्यंत आली होती. घरात पाण्याची घागर आणि भाकरी ठेवून वडिलांनी दाराला बाहेरून कडी घातली. गाव परत आलं तेव्हा घरात आई जिवंत नव्हती.

आता निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं लोटली होती. मुलगा गुरुसिद्धप्पा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरात सून शारदा आणि पाच वर्षांची नात गिरिजा. शिवाय गवळण. गवळण म्हणजे मांजर. म्हैस पिळायला बसलं की ही शेजारी येऊन बसायची, म्हणून ते नाव. गिरिजा आणि गवळण एकाच वाकळीवर झोपायच्या.

त्या पावसाळ्यात हिवतापाची फवारणी करणारे लोक पाठीवर पंप घेऊन गावात फिरले. शांताक्काच्या भिंतींवर औषध मारून, "आता भिंती सारवू नका" असं बजावून गेले. पण औषधाचा उग्र वास दुधाला लागला तर दही कोण घेणार? आणि पंचमी तोंडावर आलेली. सणाला भिंती न सारवणं म्हणजे घरात सुतक असल्यासारखं. त्या लोकांची पाठ वळली आणि शांताक्काने शेणामातीचा असा जाड हात फिरवला की औषध बिचारं कायमचं गाडलं गेलं.

दिवाळी सरली आणि घरात पिसवा झाल्या.

पहिली पिसू शांताक्काला दिसली ती दुधाच्या पांढऱ्या फेसावर. काळा ठिपका टुणकन उडाला. मग तिला जिकडेतिकडे पिसवाच दिसू लागल्या. गवळण तर बसल्या जागी कराकरा अंग खाजवायची. शांताक्काने कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. त्या धुरात सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, पिसवा मात्र खुशाल. अशात एका सकाळी उंबऱ्याच्या आत, कणगीच्या बुडाशी उंदीर मरून पडलेला दिसला.

"शारदे, पोरीला उचल," शांताक्का म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

शारदाने गिरिजाला कडेवर घेतलं आणि वाकून बघितलं. "आत्याबाई, गवळणीनं मारलाय की. मानेला दात लागल्यात बघा."

शांताक्काने बघितलं नाही. तिला दिसत होतं माकणीचं आढं. तिने चिमट्याने उंदीर उचलला, गोवऱ्यांवर ठेवून जाळला, आणि त्या जागेवर उकळतं पाणी ओतलं. मग तिची नजर मांजरीवर गेली. उंदराच्या पिसवा आता हिच्या अंगावर, आणि ही नातीच्या अंथरुणात. मांजर मारावी तर काशीला जाऊन सोन्याची मांजर द्यावी लागते म्हणतात. इथे अंगावर गुंजभर सोनं नव्हतं. तेव्हा तिने गवळणीला पोत्यात घातलं, बोरी नदीपल्याड नेलं आणि एका शेतात सोडून मागे न बघता परत आली. गिरिजाने रडून घर डोक्यावर घेतलं.

"मांजर गेली तर उंदीर वाढतील की," शारदा हळूच म्हणाली.

"उंदरांचं मी बघते. तू गप."

पण झालं भलतंच. इतके दिवस मांजरीच्या केसांत राहून पोट भरणाऱ्या पिसवांना आता मांजर मिळेना. मातीच्या जमिनीच्या भेगांतून, वाकळीच्या शिवणीतून त्या भुकेल्या निघाल्या आणि जमिनीवर निजणाऱ्या पोरीवर तुटून पडल्या. गिरिजाच्या पोटऱ्या, घोटे, टाचा लाल पुरळाने भरून गेल्या. पोर रात्रंदिवस खाजवायची. शांताक्काने तिला खाटेवर निजवलं, खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, खोबरेलात कापूर घालून अंगाला चोळलं. बाई धड जेवेना. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय!

आणि मग पोरीला ताप भरला. संध्याकाळी ओल्या फडक्याने अंग पुसताना शांताक्काचा हात जांघेवरून फिरला आणि तिथेच थांबला. कातडीखाली बोराएवढी गाठ होती. हात लावताच गिरिजा कळवळली.

शांताक्काने पोरीला तसंच ओलं उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. शारदा मागे आली तेव्हा तिने दार लोटून घेतलं.

"आत येऊ नको. गाठ आलीया."

"मग दवाखान्यात नेऊ की आत्ताच्या आत्ता."

"येडी का काय तू? दवाखान्यात नेलं की गावात बोभाटा. पोरीला गावाबाहेर ठेवतील, घराला कुलूप लावतील. म्या बघितलंय. तू माहेरी जा. मी हाय पोरीजवळ." मग जरा थांबून ती म्हणाली, "हिला मी एकटी न्हाय सोडणार."

आतून कडी लागल्याचा आवाज झाला. बाहेरून नव्हे, आतून. आपण वडिलांसारखं करत नाही, उलट करतो आहोत, असं शांताक्काला मनापासून वाटत होतं. पोरीला मांडीवर घेऊन ती भिंतीला टेकून बसली. पोर निखाऱ्यासारखी तापली होती. शांताक्का तिच्या अंगावरची एकेक पिसू चिमटीत धरून नखावर चिरडत होती, आणि मनात म्हणत होती की मलाही गाठ येऊ दे, पण हिच्याआधी येऊ दे. शेजारची ताहेराबी दारात येऊन हाक मारून गेली, तेव्हा बाईने श्वाससुद्धा रोखून धरला.

सकाळी शारदाने दारावर थाप मारली. ही सून म्हणजे सासूपुढे पदर न ढळू देणारी, वर मान करून न बोलणारी. पण आज ती म्हणाली, "आत्याबाई, दार उघडा. न्हायतर मी ताहेराबीच्या पोरांना बोलावून दार काढायला लावते. गाव जमू दे मग."

गाव जमण्याच्या नावाने शांताक्काने कडी काढली. शारदाने आत जाऊन पोर उचलली, खांद्यावर टाकली आणि चालू लागली. भर बाजारातून. मागोमाग शांताक्का, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. रस्त्यातला प्रत्येक माणूस पोरीच्या जांघेकडेच बघतोय असं तिला वाटत होतं. रवीने ड्रायव्हर बदडणारी ती बाई त्या दिवशी भिंतीच्या कडेकडेने चालली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाठ चाचपली. शांताक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डॉक्टरांनी ना कुणाला हाक मारली, ना पिटाळलं. त्यांनी नुसतं विचारलं, "पायाला काही लागलंय का हिच्या?"

आणि पोरीचा पाय उचलून टाच उजेडात धरली. पिसू चावल्याजागी खाजवून खाजवून जखम झाली होती, आणि ती पुवाने भरली होती.

"अवधाण आलंय, बाई. पायात पू झाला की जांघेत गाठ येते. जखम धुऊन देतो, सुई देतो. उतरेल."

अवधाण! हा शब्द काय शांताक्काला नवा होता? पायात काटा मोडलेल्या कितीतरी माणसांच्या अवधाणावर तिने स्वतः हळद-चुन्याचा लेप लावला होता. गुरुसिद्धप्पाला लहानपणी आलं होतं, तेव्हा ती हसली होती. पण भ्यालेल्या माणसाची अक्कल ठिकाणावर कुठे असते? तिने गाठ बघितली होती. पाय बघितला नव्हता.

शारदा रडत रडत हसली. शांताक्का हसली नाही. चौकट सोडून ती पुढे आली आणि पोरीची टाच हातात घेऊन बघत राहिली.

दोनतीन दिवसांत ताप उतरला. डॉक्टरांनी सांगितलं तसं घरातलं पांघरूण-वाकळ सगळं उकळून उन्हात टाकलं, जमिनीच्या भेगा झाडून लिंपल्या, केर जाळला. फवारणीवाले पुन्हा आले तेव्हा भिंतींना कुणी हात लावला नाही. आणि एका दुपारी गवळण परत आली. नदी कशी ओलांडली तीच जाणे. हडकलेली, काटेकुसळं भरलेली अशी उंबऱ्यावर येऊन बसली. गिरिजा खाटेवरून आजीला ओरडून म्हणाली, "अव्वा, तिला हाकलू नको."

शांताक्काने हाकललं नाही. एका वाडग्यात साबणाचं पाणी घेतलं, बारीक दातांची फणी घेतली, आणि मांजरीला मांडीवर घेऊन विंचरायला बसली. फणीत पिसू आली की पाण्यात बुडवायची. शारदा शेजारी ज्वारी निवडत होती. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की सासूचे डोळे वाहत आहेत.

"काय झालं, आत्याबाई? पोर बरी झाली की आता."

शांताक्काने फणी थांबवली.

"आमची आई लंगडत होती गं," ती म्हणाली. "पायाला चिंधी होती तिच्या. ती चिंधी सोडवून पायाला काय झालंय ते कुणीच बघितलं न्हाय."