वन्संचा फोटो, भर दुपारी

हंपीच्या सहलीचे फोटो मी तुम्हां दोघांना पाठवले, तेव्हा थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, तू दगडी रथ बघायला गेली होतीस की तुमच्या सहलीतल्या बायका?" मी फोटो पुन्हा उघडले. आम्ही सगळ्याजणी उन्हाने डोळे बारीक करून ओळीत उभ्या होतो, आणि रथाचं एक चाक तेवढं कोणाच्या तरी पर्सच्या वर डोकावत होतं. धाकटा म्हणाला, "सगळ्यांना शिक्षा केलीय वाटतं."

मला राग आला नाही. नवल मात्र वाटलं. तो रथ मी डोळे भरून पाहिला होता, मग तो फोनमध्ये का उतरला नाही? प्रकाश सरळ रेषेत जातो, हे कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीतून पाठ केलेलं अजून आठवतं. तो माणसाच्या चेहऱ्यावर येऊन काय करतो, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

मग थोरलीने मला व्हिडिओ कॉलवर शिकवायला घेतलं. जवळ जा. भर दुपारी फोटो काढू नकोस. आणि कोणालाही कॅमेऱ्याकडे बघू देऊ नकोस, माणसं आपापलं काहीतरी करताना छान दिसतात. मी नीटनेटकी बाई, सांगितलेलं सगळं क्रमाने करून पाहिलं. आधी घरातच एक वांगं घेतलं. खिडकीकडे पाठ करून ठेवलं तर नुसता काळा डाग. खिडकी बाजूला आली की तेच वांगं गोल झालं, त्याच्या सालीवर चकाकी आली. शेजारीण दारातून बघत होती. "वांगं किडकं निघालं का हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, त्याचा फोटो काढतेय." ती गेली, पण संध्याकाळी तिच्या सुनेने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

पुढे मी सकाळच्या बसने पनवेलजवळच्या नेऱ्याला जायला लागले. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एक पेंढ्याची उडवी होती. सकाळी तिची काडी न् काडी वेगळी दिसायची, आणि उन्हं डोक्यावर आली की तीच उडवी पिवळ्या कागदासारखी सपाट व्हायची. मी तिच्याभोवती इतक्या वेळा फिरले की तिथलं कुत्रं मला ओळखायला लागलं.

हे सगळं चालू असतानाच वन्संचं तिकीट आलं. वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची मोठी बहीण, नवीन पनवेलला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी. मुलाकडे, तुमच्या इस्रायलला, त्या आता कायमच्या निघाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. उलव्याच्या पुढे, उरणच्या बाजूला ज्या गावात त्यांचा जन्म झाला, तिथलं घर अजून उभं होतं. त्या घरासमोर त्यांचा एक फोटो हवा होता, तिकडच्या खोलीत भिंतीवर लावायला. घर केव्हाच दुसऱ्या कुटुंबाला विकलेलं होतं, आणि दिवाळीनंतर ते पाडून तिथे इमारत होणार होती. वन्संचे गुडघे पाहता दुसरी फेरी होणार नव्हती. फोटो बिघडला तर बिघडलाच.

मी बेत आखला. घराचं तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळी लवकर पोचायचं. वन्सं म्हणाल्या, "अगं, लोकांच्या घरी काय दूधवाल्याबरोबर जायचं? त्यांची कामं तरी आवरू देत." मग त्यांनी केस धुतले, नेसलेली साडी बदलली, त्या घरच्या माणसांसाठी नारळाच्या करंज्या डब्यात भरल्या, आणि आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा आमच्या सावल्या आमच्या पायांखाली होत्या. चहूकडे क्रेन, सिमेंटची धूळ, अर्ध्या इमारती. मधे ते कौलारू घर. अंगणात ऊन असं पांढरं पडलं होतं की माझा सगळा अभ्यास तिथेच संपला असं वाटलं.

घरची बाई दारात आली. माझ्यापेक्षा थोडी लहान, कमरेला पदर खोचलेला. "कोन पायजे?"

वन्संनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, गावात त्यांचा तेलाचा घाणा होता.

"आगो बाय! तेलवाल्यांच्या तुमी? माज्या सासऱ्यानं त्यांच्याकडनंच तर घर घेतलेलं. उन्हात कशाला उब्या, आत या की."

वन्सं ओटीवर चढल्या आणि उंबऱ्यापाशी त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. आपल्या यहुदी घरांत दाराच्या चौकटीवर मेझुझा असतो, प्रार्थनेचा कागद आत ठेवलेली ती तिरकी नळी. आत जाताना आपण तिला बोटं लावून ओठांना लावतो, हे तुम्हांला सांगायला नको. वन्संनीही तेच केलं. फक्त तिथे आता मेझुझा नव्हता, चाव्यांचा जुडगा होता. तो खळ्ळकन खाली पडला, आणि वन्संनी बोटं तरीही ओठांना लावली.

बाई बघतच राहिली. "आजी, चावीचा मुका कशाला घेता?"

वन्सं लाल झाल्या. "चूक झाली हो. सवय."

मी काय ते समजावून सांगितलं. बाईने चाव्या उचलल्या आणि चौकटीवरच्या गंजक्या खिळ्याकडे पाहिलं. "म्हंजे ह्यो खिला तुमचा हाय? आमी आल्यापासनं चाव्या त्याच्यावरच लावतो. एवढ्या वेळा रंग दिला, पन ह्यो काय निगाला नाय."

वन्संनी खिळा बोटाने चाचपला. घर सोडताना त्यांच्या वडिलांनी मेझुझा काढून घेतला होता, वरचा खिळा तेवढा निघाला नव्हता. "मग फोटो इथेच काढ," त्या मला म्हणाल्या. "घरासमोर नको. इथे, ह्याच्यापाशी."

त्या चौकटीला लागून उभ्या राहिल्या. फोनमध्ये पाहिलं तर ओटीच्या छपराखाली त्यांचा चेहरा अगदी काळवंडलेला, आणि पाठीमागे माजघराच्या उघड्या खिडकीचा लख्ख चौकोन. वांग्याचाच प्रकार. मी आधी खिडकी लावायला सांगितली. थोडं सुधारलं, पण चेहरा अजून बुजलेला होता. उजेड तर अंगणात ढिगाने पडला होता, तो इकडे वळवायचा कसा? दोरीवर पांढरी चादर वाळत होती. मी ती मागितली.

"काय पुसायचं हाय का?" बाईने विचारलं.

"नाही, उन्हात धरायची. इथे, पायरीपाशी. जरा वर. आता वन्संकडे तिरकी करा."

चादरीवरून ऊन उडालं आणि वन्संच्या गालांवर, हनुवटीखाली, हळूहळू उजेड चढला. कपाळावरच्या सुरकुत्यासुद्धा दिसायला लागल्या. मला इतका आनंद झाला की फोटो काढायचा विसरून मी चादर पुन्हा खाली-वर करून बघायला लावली. उजेड खरंच माझं ऐकत होता.

"अगं, मी काय सिनेमात आहे का?" वन्सं म्हणाल्या. "काढ की लवकर. करंज्या राहिल्यात द्यायच्या."

"वन्सं, जरा खिळ्याकडे बघा ना. माझ्याकडे बघू नका. तसं छान येतं, थोरलीने सांगितलंय."

"तिला सांग, मला समोर बघायचंय."

"पण ते शाळेतल्या फोटोसारखं दिसतं."

"दिसू दे," त्या म्हणाल्या. "तिकडे त्या खोलीत मी कोणाला ओळखणार आहे? मुलगा कामावर, सुनेची भाषा मला येत नाही. रोज सकाळी उठून त्या फोटोकडे बघितलं, तर त्यातलीने तरी माझ्याकडे बघायला नको?"

मी फोन वर धरला. वन्संच्या एका हाताचं बोट खिळ्यावर, दुसरा हात साडीच्या निऱ्यांपाशी, मान ताठ, डोळे थेट माझ्यावर. मी जवळ गेले, अजून थोडी जवळ, आणि फोटो काढला. मग त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

"खिळा दिसतो," त्या म्हणाल्या. "मीपण दिसते. बरं झालं."

चादर धरलेल्या बाईचे हात दुखायला लागले असणार, पण ती चादर खाली ठेवेना. "बाय, आमचा पन काडशील का असाच एक?" तिने मला विचारलं. "ह्या घरात आमचा एक पन फोटो नाय. दिवालीनंतर दार कुटं, नि आमी कुटं."

तिने आतून नवऱ्याला हाक मारली. तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला आणि आपोआप हसायला लागला. चादर आता वन्संनी धरली. त्यांना ती नीट वर उचलवत नव्हती, तरी त्यांनी मला हात लावू दिला नाही.

"हसू नका," त्यांनी नवऱ्याला दटावलं. "सरळ समोर बघा. अहो बाई, तुम्ही खिळ्याच्या बाजूला या. चाव्या लावा परत त्याच्यावर, मघाशी मी पाडल्या त्या."

बाईने चाव्या लावल्या. दोघं समोर बघत उभी राहिली, आणि मी फोटो काढला.