पट्ट्यावर सर्च होत नाही

उत्तरेतल्या डोंगरात एका पोस्टवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. काम डॉग हँडलरचं, बारूद हुडकणाऱ्या कुत्र्यांचं. पोस्टचं नाव सांगणार नाही, सांगायचं नसतं. सकाळी गाड्यांचा ताफा सुटायच्या आधी आमची रोड ओपनिंग पार्टी निघायची. कुत्रं पुढं, हँडलर त्याच्या मागं, बाकीचे जवान दोन्ही अंगांनी पसरून. रस्ता साफ आहे असं आम्ही वायरलेसवर सांगितल्याशिवाय एकही गाडी हलायची नाही.

हे आज लिहायला बसलो ते रागानं बसलो. पेन्शनवर आल्यापासून नेकनूरला राहतो. फौजी कुत्र्यांतला माणूस आहे हे आसपास कळलं, तशी लोकं कुत्री घेऊन दारात यायला लागली. पट्टा कंचा घ्यावा, फौजी? विचारतात, पण पट्टा त्यांना कुत्र्यासाठी नको असतो, फोटोसाठी हवा असतो. परवा मांजरसुंब्याकडचे एक पुढारी आले. गाडीत मागं तरणं रॉटवायलर कुत्रं, त्याच्या गळ्यात आतून दाते असलेली लोखंडी साखळी. मानेवरचे केस झडून खालचं कातडं लाल झालेलं.

"ही कावून घातली?" मी विचारलं.

"लई वढतंय हो. आन् दिसायलाबी भारी दिसतं."

"आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघितली का?"

"काय बोलता, फौजी!"

"मग काढा ती. चामड्याचा साधा रुंद पट्टा घ्या, आत दोन बोटं जातील एवढा सैल. ओढणाऱ्या कुत्र्याला अंगाभोवती बसणारा, छातीवर कडी असलेला हार्नेस. हातात धरायची दोरी, लीड, मुठीत मावेल अशी. आणि चालवायचं स्वतः, गड्याच्या हातात द्यायचं नाही."

त्यांनी सोबतच्या माणसाकडं बघून डोळा मारला. "पट्टा काय आन् हार्नेस काय. कुत्रं तर तेच हाय ना!"

मी त्यांना गेटबाहेर काढलं. मोठा माणूस आहे, उद्या काम पडेल, असं बायको म्हणाली. पडू दे. 'कुत्रं तर तेच', हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय, आणि त्या वाक्यानं माझा माणूस खाल्लाय. तेव्हा यापुढं जो कोणी माझ्या दारात पट्टा विचारायला येईल, त्यानं आधी हे वाचावं.

ट्रेनिंग सेंटरला आमचे एक उस्ताद होते. पहिल्या दिवशी त्यांनी कुत्रं दाखवलंच नाही. आम्हाला रांगेत उभं केलं. ओढली की आवळणारी साखळी एकेकाच्या मनगटात अडकवली आणि दिला झटका. माझ्या मनगटावर वळ उठला. उस्ताद म्हणाले, "आता गळ्यावर काय होत असेल, विचार करा." मग सामान समोर मांडलं. पट्टा, आखूड लीड, लांब लीड, हार्नेस. कुठली वस्तू कधी, हेच आम्ही कितीतरी दिवस शिकत होतो.

पट्टा म्हणजे शिस्त. लीड पट्ट्याला असली की कुत्र्यानं आपल्या डाव्या पायाशी चालायचं, मान वर, नजर हँडलरवर. हार्नेस म्हणजे ड्यूटी. लीड पट्ट्यावरून काढून हार्नेसला लावली की कुत्र्याचं नाक जमिनीला लागतं आणि ते पुढं निघतं. बारूदाचा वास आला की जागेवर बसतं. आमच्या कुत्र्यांना हे पिलू असल्यापासून रोज, न चुकता शिकवलेलं. अंगावर काय चढलं यावरून त्यांना कळतं, आज फिरायचंय की हुडकायचंय. हार्नेस दिसला की माझा जॅक उड्या मारायचा. पट्टा घातला की तोच जॅक शाळेतल्या पोरासारखा गप चालायचा.

लान्स नायक मल्हारी माझ्या पार्टीत आला तेव्हा मला लई आनंद झाला होता. नांदूरघाटकडचा धनगराचा पोरगा. एवढ्या लांब डोंगरात आपल्या बोलीत कुणीतरी "कसं हाय, मुरलीभाऊ?" म्हणावं, यासारखं सुख नाही. त्याच्याकडं रोमा होती, काळी लॅब्राडोर. तिला तो माझी पोरगी म्हणायचा. तिच्या पंज्यांतला बर्फ तोंडाच्या वाफेनं वितळवायचा. हँडलर म्हणून माझ्यापेक्षा उजवा होता, हे मी मान्य करतो. पण एक खोड होती.

"आमच्या मेंढरांच्या वाड्यावर कुत्र्याला पट्टाच नसतो," तो म्हणायचा. आण्णा म्हणजे त्याचे वडील. "आण्णा म्हणत्यात, पट्टा घातला की कुतरं लाजतं. आण्णांनी नुसती शिट्टी मारली की लांडग्याच्या अंगावर जातंय."

"ते मेंढरं राखतं. ही बारूद हुडकते. उस्तादांनी शिकवलंय तसं कर, बे."

"करतोय की! पण खरं सांगू का? रोमा हार्नेस बघून काम करत न्हाई. माझ्याकडं बघून करती."

"डोक्यात हवा गेलीय तुझ्या."

"तुमी जळता, मुरलीभाऊ." आणि खी खी हसायचा. यावरून आमचं कितीदा वाजलं असेल, मोजदाद नाही.

बर्फ वितळायचे दिवस आले. हार्नेस भिजायचा आणि धड वाळायच्या आत परत चढायचा. रोमाच्या काखेतलं कातडं सोलवटलं. जनावरांचे डॉक्टर साहेब आले, मलम दिलं आणि म्हणाले, "जखम भरेपर्यंत हार्नेस बंद. हार्नेस बंद म्हणजे काम बंद." हे सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून रोमाच्या वाट्याचा रस्ताही माझा जॅकच तपासू लागला. रस्ता उशिरा मोकळा होऊ लागला. पोस्ट सांभाळणाऱ्या मेजर साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

त्या सकाळी ताफ्यात कुणी बडे अधिकारी होते. रोजच्यापेक्षा लवकर निघायचं होतं. मी जॅकला घेऊन पुलापलीकडच्या भागात होतो. वळणाच्या अलीकडचा भाग राहिला होता आणि मल्हारी तिथं पार्टीबरोबर माझी वाट बघत थांबला होता. रोमा त्याच्यासोबत होती, पट्ट्यावर. जखमी कुत्र्यालाही रोज थोडं चालवावं लागतं, म्हणून आणलेली. तेवढ्यात वायरलेस वाजला. मेजर साहेब होते.

"रोड कितना बाकी है? ओवर."

"साहब, मोड का हिस्सा बाकी. इधर का करके आता हूँ. ओवर."

"टाइम नहीं है. रोमा को लगाओ. ओवर."

"साहब, रोमा को हार्नेस मना है. ओवर."

"तो पट्टे पर लगाओ. पट्टा हो या हार्नेस, कुत्ता तो वही है. ओवर."

"साहब, पट्टे पर सर्च नहीं होता. मेरा इंतजार करो. ओवर."

मधेच मल्हारीचा आवाज आला. "करेगी, साहब. मेरा सुनती है. ओवर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वायरलेसवर आपल्या भाषेत बोलायचं नसतं, तरी बोललो. "मल्हाऱ्या, गप! तिथंच थांब!"

"काळजी करू नका, मुरलीभाऊ. माझी पोरगी हाय ती."

"नेट पर डिसिप्लिन रखो. आउट." साहेबांनी बोलणं तोडलं.

मी पळत सुटलो. जॅक पुढं, मी मागं. वर्दी, बूट, चढ. माणूस पळून पळून किती पळणार?

पुढचं मला त्याच्या मागच्या जवानांनी सांगितलं. मल्हारीनं रोमाला "सीक", म्हणजे हुडक, म्हटलं. ती डाव्या पायाशी उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. दुसऱ्यांदा म्हटलं. तिनं शेपटी हलवली आणि नीट, शिकवल्यासारखी, चालायला लागली. मान वर. मग त्यानं बापाची शिट्टी मारली. त्या शिट्टीनं तो तिला एरवी जवळ बोलवायचा, त्यामुळं तिला अर्थ एकच माहीत होता: जवळ ये. ती आणखी पायाला चिकटली. त्याला वाटलं, रस्ता साफ आहे म्हणूनच ही निवांत चाललीय. तो पुढं निघाला.

स्फोट उजव्या कडेच्या मोरीत झाला. मल्हारीचं अंग मधे होतं, म्हणून रोमा वाचली. तिचा उजवा डोळा गेला. मी पोचलो तेव्हा ती त्याच्या डाव्या बाजूला बसलेली होती. लीड अजून त्याच्या मुठीत होती. मी ती सोडवली. बोटं एकेक करून उघडावी लागली.

ताफा त्या दिवशी गेलाच नाही. एवढी घाई कशासाठी होती, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

चौकशीत मी सगळं बोललो. कुणी अडवलं नाही, आणि कुणी ऐकलंही नाही. हळूहळू सगळ्यांच्या तोंडी एकच झालं, कुत्रं फेल गेलं. साहेबांना ते सोयीचं होतं. जवानांनाही, कारण गेलेल्या जोडीदाराला नावं ठेवायला जीभ वळत नाही. कुत्र्याला काय, तोंड नाही. रोमाला परत सेंटरला पाठवलं. पुढच्या थंडीत ती तिथंच गेली.

मल्हारीला गावी आणलं तेव्हा मी सोबत होतो. नांदूरघाटच्या रस्त्यावर माणूस मावत नव्हतं. एका पुढाऱ्यानं माईक घेतला आणि म्हणाला, ज्या इमानी जनावरावर आपल्या वीरानं विश्वास टाकला, त्यानंच दगा दिला. लोकांनी हळहळ व्यक्त केली. मी वर्दीत, सावधानमध्ये उभा. माईक हिसकावून त्याच्या डोक्यात घालावा असं वाटत होतं. घातला नाही, याचा आजही पस्तावा आहे.

पुढच्या सुट्टीत मल्हारीच्या वडिलांकडं गेलो. त्यांच्या मेंढरांचा वाडा एका मोकळ्या शेतात बसला होता. दुपारची मेंढरं झाडाखाली दाटून उभी होती. मल्हारीच्या आईनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "त्येंला सांगा काहीतरी. पोरगं गेलं तवापासून कुत्र्यास्नी स्वतःच्या हातानं तुकडा घालत न्हाईत. रातभर काठी घिऊन बसून ऱ्हात्यात."

कुत्री लांब बांधाला पडलेली होती. जवळ येत नव्हती. आण्णा घोंगडीवर बसले होते. त्यांनी मला बसवलं, तब्येत विचारली, माझी मेंढरं किती म्हणूनही विचारलं. मग म्हणाले, "आमच्यात दगा दिलेलं कुतरं वाड्यात ठिवत न्हाईत. त्येच्या वंशाचंबी ठिवत न्हाईत. माझा आता कुठल्याच कुत्र्यावर भरवसा ऱ्हायला न्हाई. तू तिथं व्हतास. खरं सांग. ती कुत्री चुकली का?"

"न्हाई, आण्णा."

"लोक म्हणत्यात."

"लोकांच्या मायला! तिला पट्ट्यावर पायाशी चालायला शिकवलं होतं. ती पायाशी चालली. शेवटपर्यंत चालली."

"मंग कोण चुकलं?"

"साहेब. मी थांबा म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. धनगराची नजर, लांबचं लंगडं मेंढरू ओळखणारी. "आन् मल्हारी?"

खोटं बोलता आलं असतं. बापासमोर कुणीही बोललं असतं. पण मग रोमाच्या माथ्यावरचा डाग तसाच राहणार, आणि हा माणूस मरेपर्यंत काठी घेऊन जागत बसणार.

"मल्हारीबी," मी म्हणालो. "पट्ट्यावर सर्च होत नाही, हे त्याला माहीत होतं. मला वायरलेसवर म्हणाला, माझं ऐकते. नंतर तुमची शिट्टी मारली त्यानं."

आण्णांनी लांब पडलेल्या कुत्र्यांकडं बघितलं. मग उठले. फडक्यातली भाकरी काढली, मोडली आणि बांधाकडं तोंड करून हाक मारली. कुत्री आधी उठली नाहीत. दुसऱ्या हाकेला आली, एकामागून एक, शेपट्या पायात घालून. म्हाताऱ्यानं प्रत्येकाच्या तोंडात तुकडा दिला.

आणि माझा बांध फुटला. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. मी तिथंच बसून, बापासमोर, आईसमोर, मल्हारीला शिव्या घातल्या. मुडद्या, थांब म्हटलं होतं ना तुला! येत होतो ना मी! काय घाई होती, बे! तोंडाला येईल ते बोललो. आई पदर तोंडात धरून उभी होती. मी भानावर आलो, आण्णांच्या पायाला हात लावला आणि म्हणालो, "चुकलं. असं बोलायला नको होतं."

त्यांनी माझा हात पायावरून उचलून धरला. "घाल," म्हणाले. "आजून घाल. माझ्या तोंडातनं निघत न्हाईत. माझ्या वाटणीच्याबी तूच घाल."