हवामिस्त्रींची खिडकी

आमचे हवामिस्त्री घर बांधायच्या आधी मालकाला जमिनीवर झोपवायचे. गोडादऱ्यातल्या आमच्या अरुंद प्लॉटवर त्यांनी भर दुपारी चुन्याच्या फक्कीनं एक चौकोन आखला आणि आईला म्हणाले, "ताई, ही तुमच्या पलंगाची जागा. पडा आणि दहा श्वास घ्या." आई आडवी झाली. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून धावत आल्या, एकीनं तर हंबरडाच फोडला. आई पडल्या पडल्या खेकसली, "अगं बयांनो, जिवंत आहे मी! मोजू द्या की!"

त्यांचं खरं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. माणूस खानदेशातला, आमच्याच बाजूचा. दुसरे मिस्त्री किती खोल्या काढायच्या ते विचारतात, यांचा पहिला प्रश्न असायचा, "घरात खोकतं कोण?" देव्हारा, स्वयंपाकघर, संडास, सगळं नंतर. आधी खोकणाऱ्याची खोली. आमच्याकडे आई खोकायची. लूमच्या कारखान्यात वीस वर्षं बॉबिन भरून तिच्या छातीचा पार भाता झाला होता. पुढच्या खोलीत रस्त्यावरच्या टेम्पोंचा धूर, म्हणून आईला मागची खोली ठरली. पण मागची भिंत गुजराती शेजारीण सविताबेनच्या घराला चिकटलेली. त्यांचं दार पलीकडच्या गल्लीत उघडायचं.

"हवा येस, पन जास कथा?" मिस्त्री चिडले की अहिराणीवर यायचे. "आलेली हवा जायला नको का? पाहुण्यासारखी बसून राहिली की शिळी होते." मग उपाय काय? तर आईच्या खोलीतून थेट सविताबेनच्या स्वयंपाकघरात खिडकी पाडायची! आपल्या घराची खिडकी लोकांच्या शेगडीवर उघडते, असं कुणी कुठं पाहिलंय?

सविताबेन अर्थातच भडकल्या. "ना रे भाई, मारा रसोडामां बारी नथी जोइती!" मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी बाईंना मिरचीची फोडणी द्यायला लावली आणि त्यांच्याच ओट्यापाशी सतरंजीवर झोपवलं. तिसऱ्या श्वासाला बाई ठसकत उठल्या. त्यांच्याही धुराला जायला वाट नव्हती; खिडकीतून वारा आला की तो त्यांच्या दारानं बाहेर पडणार होता. कबूल झाल्या, पण एका अटीवर. खिडकीची कडी त्यांच्या बाजूला.

"मना श्वास तिना हातमा?" आईनं कपाळावर हात मारला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "हवा तिच्या घरातून जाणार, तर कडी तिच्याकडेच पाहिजे ना, ताई."

खिडकी झाली आणि खरंच, आठ दिवसांत आई आडवी होऊन झोपायला लागली. पण आता आमच्या घरात एक नवीनच पथ्य सुरू झालं. नळावर अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी माझी आई खिडकीपाशी बसून म्हणायची, "काय छान वास सुटलाय हो, बेन!" एरवी तिनं उभ्या जन्मात स्वतःच्या वांग्याच्या भरताशिवाय कशाचं कौतुक केलं नव्हतं. डॉक्टरांनी दिलेला पंप एकीकडे आणि हे गोड बोलणं एकीकडे. मिस्त्री अधूनमधून यायचे, दोन्ही घरांत चहा प्यायचे आणि विचारायचे, "भांडण नाही ना? मग हवा चांगली आहे."

दोन वर्षं आईनं कशी दम धरून काढली, तिचं तिलाच ठाऊक. एके दिवशी सविताबेननं खिडकीतून डाळीची वाटी दिली आणि आईचा तोल सुटला. "अहो, ही डाळ आहे का खीर? किती ती साखर!" खिडकी धाडकन मिटली. कडी लागली.

दोन आठवडे कडी निघाली नाही. आई उशांना टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची आणि मी शेजारी बसून तिचे श्वास ऐकायचो. फार भीती वाटायची. माफी मागायला आई तयार नव्हती. मी मागायला गेलो, तर बेन म्हणाल्या, "जिनं नावं ठेवली तिला पाठव." मिस्त्री तेव्हा भावाकडे गावी गेले होते. आईनं फोन केला, "या आणि ती कडी उपटा." ते म्हणाले, "ताई, भिंत मी फोडली. कडी तुम्हा दोघींची. सोमवारी येतो, तोवर बोलून बघा."

सोमवारी त्यांच्या भावाचा फोन आला. सकाळी चहा पिताना मिस्त्रींच्या छातीत कळ आली आणि संपलं सगळं.

 आई भिंतीला धरून उठली आणि खिडकीवर थापा मारल्या. "बेन, आपले मिस्त्री गेले हो."

कडी निघाली. सविताबेनचे हात कणकेनं भरलेले होते, तसेच त्यांनी गजांतून आत घातले आणि आईनं ते घट्ट धरले. दोघींनी असा काही गळा काढला की दोन्ही गल्ल्यांतली माणसं दारांत जमा झाली. मी पंप घेऊन धावलो. आई तासभर हमसून हमसून रडली, पण तिला धाप लागली नाही.