बसंतीबाईची कात्री

सोयाबीन काढायच्या मळणीयंत्राला आमच्या आर्णी भागात हडंबा म्हणतात. तांड्यात कुणाच्याही शेतात हडंबा लागला की बसंतीबाई कमरेला कात्री खोचून हजर. आधी बाह्या, मग मनगटं. दोरा, गंडा, घड्याळाचा पट्टा, काही चालत नसे. अर्ध्या तांड्याचे शर्ट तिनं अर्ध्या बाह्यांचे केले, त्यात माझे तीन. पोरं तिला कात्रीवाली म्हणत. ती म्हणे, म्हणा, पण हात इकडे करा.

नात्यानं ती माझी भोजाई, चुलतभावाची विधवा. हडंबा माझा. आणि चार वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर तिच्या सुनीलचा उजवा हात मनगटापासून गेला, तोही याच हडंब्यात. बाही अडकली असं सगळ्यांनी धरलं. मीही तेच सांगत फिरलो. पुढे सुनीलला मी ट्रॅक्टरवर बसवलं. एका हातानं तो इंजिन सांभाळतो.

यंदा पांढरकवड्याकडचा भीमसिंग नावाचा गडी कामावर आला. अंगानं दांडगा, स्वभावानं भिडस्त. बसंतीबाईनं कात्री काढली तसा त्यानं हात मागे घेतला. मनगटावर बायकोनं बांधलेला काळा दोरा होता. तो तोडला तर ती जेवायची नाही, असं तो म्हणाला. बसंतीबाईनं दोनदा समजावलं. मग ती रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसली.

"माह्या सुनीलच्या हाताले म्याच बांधलता दोरा," ती म्हणाली. "सात गाठी मारून. सुताचा असता तं तुटला असता. म्या नायलॉनचा बांधला, तुटू नये म्हणून. तो नाही तुटला, भीमसिंग."

गंजीवरची माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. सुनील ट्रॅक्टरवर मान खाली घालून बसला होता. भीमसिंगनं हात पुढे केला. तिनं दोरा कापला आणि नीट गुंडाळून त्याच्याच खिशात घातला.

इथं मी गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खरं सांगतो, क्षणभर मला बरंच वाटलं. चार वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा दुसऱ्यानं, तोही आपणहून, उचलून नेला. पण ती म्हातारी पोत्यावरून उठेना. कात्री मांडीवर ठेवून ती आपलेच दोन्ही हात पाहत बसली, आणि मला माझीच शिसारी आली.

हडंब्याच्या तोंडावर पत्र्याचं लांब झाकण असतं. ते असलं की दोरा असो नाहीतर बाही, हात आतल्या दात्यांपर्यंत पोचतच नाही. पण ओलसर सोयाबीन त्यात अडकतं, काम रखडतं. त्या साली आभाळ भरून आलं होतं, सहा शेतं खोळंबली होती. मी झाकण काढून गोठ्यात टाकलं. हात गेला त्या सकाळी सुनीलनं विचारलं होतं, काका, झाकण कुठंय? मी त्याला म्हणालो, तू हात लांब ठेव म्हणजे झालं.

"भोजाई," मी म्हणालो, "दोऱ्यानं नाही गेला त्याचा हात. झाकण म्या काढलतं."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. सुनीलकडे पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली. माझ्याच ट्रॅक्टरवर त्याची भाकर होती, इतकी वर्षं तो काय बोलणार होता?

"चार वर्सं झाले," ती म्हणाली, "म्या देवाले हात नाही जोडले. ज्या हातानं बांधला ते जोडू कसे?" मग कात्री कमरेला खोचून, "कुठी हाय ते झाकण?"

"गोठ्यात."

"आन."

मी आणलं. चार वर्षं त्यावर बकऱ्या बसत होत्या, ते गंजलं होतं. भीमसिंगनं ते तोंडावर धरलं, आणि सुनीलनं डाव्या हातानं पाना फिरवत एकेक नट आवळला. तोवर कुणी सोयाबीनला हात लावला नाही.

बसंतीबाई आजही प्रत्येक शेतात येते. कात्री असतेच. पण आधी झाकण हलवून पाहते, मग माणसांच्या मनगटांकडे वळते. परवा मारोतीच्या पारापुढून जाताना तिनं थांबून हात जोडले, ते मी लांबून पाहिलं. माझ्याशी ती अजून बोलत नाही.