मजबूत फ्यूज

वायरमन ईरप्पा घरात शिरला की नमस्कार मालकाला करायचा आणि चौकशी बाईकडं. त्याचं म्हणणं असं, की दिवा लागतो एवढंच मालकाला माहीत असतं. तो कसा लागतो हे बटण दाबणारीला ठाऊक. सोलापुरात तीस वर्षं त्यानं या एका समजुतीवर धंदा केला. टेस्टर खिशात असे, पण बहुधा कान खाजवायला.

शहात्तरच्या थंडीत मंगळवार पेठेतले चादरींचे व्यापारी चनमल्लप्पा यांनी त्याला बोलावलं. मुलगी दाक्षायणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ सहा दिवसांचं. तिच्या खोलीत विजेची शेगडी ठेवायची होती, त्यासाठी प्लग हवा होता. बाराव्या दिवसापर्यंत परक्या पुरुषाला आत मज्जाव. म्हणून ईरप्पा उंबऱ्याबाहेर बसला आणि आत चनमल्लप्पांच्या पत्नीला, गौरम्मांना, कामाला लावलं.

“अक्का, बटणांच्या फळीला उलटा हात लावा बघू.”

“गरम हाय की. भिंत पण गरम लागती. म्हणून तर बाज तिकडं सरकवली. लेकराला ऊब.”

“आज धुरी केली?”

“अजून न्हाय.”

“मग वास कशाचा येतोय?”

सहा दिवस खोलीत शेपा-ओव्याचा धूर कोंडलेला. त्यातून जळक्या रबराचा वास वेगळा काढण्याची कुणाला गरज वाटली नव्हती.

चनमल्लप्पा पुढं आले. “वायरिंग आमच्या वडलांनी बसवलंय. दोन वर्षांत एकदा फ्यूज उडालेला न्हाय.”

ईरप्पानं मेन बंद करून फ्यूज ओढला. आत केसाएवढ्या तारेच्या जागी चादरींचे गठ्ठे बांधायची तार होती.

“ही कुणी घातली?”

“मी. सारखा उडायचा. मजबूत केला.”

“मालक, ज्याला उडायला ठेवलंय त्यालाच तुमी बांधून घातलं.” त्यानं भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून वायर उचकटून वाकवली. रबराचा काळा भुगा तळहातावर पडला. “प्लग बसवत न्हाय. सगळी वायर बदला.”

“बारसं झाल्यावर बघू. बाळंतिणीला मधेच हलवत्यात व्हय? तो फ्यूज लाव परत.”

“मी न्हाय लावत. तुमी लावा.”

चनमल्लप्पांनी फ्यूज हातात घेतला. तेवढ्यात गौरम्मा बाळ घेऊन उंबऱ्याबाहेर आल्या, मागून कानाला फडकं बांधलेली दाक्षायणी.

“रीत काय म्हणती?” चनमल्लप्पांनी विचारलं.

“रीतीला झोपवा आत,” गौरम्मा म्हणाल्या आणि माजघरात गेल्या.

खोली रिकामी झाल्यावर ईरप्पा आत शिरला. बाज ओढली, फळी उतरवली. लाकूड मागून कोळसा झालं होतं. बाजेच्या उशाशी भिंतीवर करपल्याचे तपकिरी ओघळ. चनमल्लप्पांनी बोट लावलं, धोतराला पुसलं, पुन्हा लावलं.

“ईरप्पा,” ते म्हणाले, “गोदामाचा फ्यूज पण मीच मजबूत केलाय.”

“तितं कोण असतं?”

“येडू, आमचा रखवालदार. दिवसा गठ्ठ्यांवर झोपतो.”

ईरप्पानं पिशवी उचलली. चनमल्लप्पा चपला न घालताच पुढं निघाले होते.