दारावरचा कडुनिंब

देवीचं नाव घेऊन खोटं बोललं तर देवी कोपते का, हा प्रश्न मला त्या दुपारी पडला, आणि विचार करत बसायला सवड नव्हती.

माझं माहेर मोहाडीचं, देवीच्या देवळाजवळ लहानाची मोठी झाले. सासर साकोली तालुक्यात, तलावाच्या काठी. आम्ही ढीवर, मासोळीवर आमचं घर चालतं. मागच्या घरात भागरथामाय एकटी राहते. गावात गुरं मेली, लेकरांना ताप येऊ लागला, तशी काही जणांच्या डोक्यात भरलं की ही म्हातारी करणी करते. मी त्यांना तोंडावर वेड्यात काढलं होतं.

त्याच दिवसांत माझी रक्षा, नववीतली, मोठ्यानं धडा वाचत होती. युरोपात महायुद्ध चालू होतं, ज्यू लोकांना घराघरातून ओढून नेऊन मारत होते, तेव्हा काही साध्यासुध्या कुटुंबांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना माळ्यावर, तळघरात लपवलं. सापडले असते तर लपवणारेही मेले असते. मी जाळं सांधत ऐकत होते. "आई, आपण लपवलं असतं का?" तिनं विचारलं. "कायले नाही? शेजार आपला नाही का?" मी म्हटलं. बोलायला काय जातं.

आणि मग भागरथामाय मागच्या दारात उभी राहिली. कपाळातून रक्त येत होतं. "बाई, मले मारून टाकतेत वो," एवढंच बोलली. मी तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, जाळ्यांच्या ढिगामागं बसवलं. तिथेच खाटेवर रक्षा सकाळपासून तापानं पडली होती. रक्षाचे बाबा मासोळी घेऊन एकोडीला गेले होते. त्यांना फोन केला. "पोलीस घेऊन येतो, दार उघडू नको," ते म्हणाले. आमचं दार म्हणजे एका लाथेचं काम.

तेव्हा अंगणातल्या कडुनिंबावर नजर गेली. घरी माता आल्या, लेकराच्या अंगावर फोड उठले, की दाराला कडुनिंब बांधतात, आणि त्या घरात परका माणूस पाय ठेवत नाही. मी डहाळी तोडली खरी, पण दाराला बांधायच्या आधी थांबले. पोटच्या पोरीवर खोटी माता आणायची? देवीच्या तसबिरीपुढं उभी राहून म्हटलं, "माय, तुझ्या नावानं खोटं बोलून राहिली. काय करायचं ते मले कर, पोरीले नको."

इतक्यात आतून भागरथामाय बोलली, "बाई, इकडे ये. पोरीचं पोट पाह्य." रक्षाच्या पोटावर, पाठीवर पाण्यानं भरलेले बारीक फोड आले होते. मी तिथेच हात जोडले आणि जाऊन डहाळी दाराला बांधली.

ते आले. काठ्या होत्या. "भागरथा आत हाये का?" एकानं विचारलं. ती नाही, असं मी म्हटलंच नाही. म्हटलं, "घरी माता आल्या आहेत. चपला काढा, पाय धुवा अन् या पाहाले. मंग घरी जाऊन लेकराले जवळ घेजा." त्यांनी डहाळीकडे पाहिलं. ज्याची काठी सगळ्यात जाड होती, त्यानंच आधी हात जोडले. मग एकेक करून मागं सरले आणि पोलीस येईपर्यंत समोरच्या आंब्याखाली बसून राहिले.

डॉक्टर म्हणाले कांजिण्या आहेत, साथ आहे. असेल, मी वाद घालत नाही. साथीलाही त्याच दुपारी, माझ्याच घरी यायचं होतं, एवढं मला पुरतं. रक्षा बरी होईपर्यंत तिच्या उशाशी भागरथामायच बसली होती, कडुनिंबाच्या पाल्यानं वारा घालत.

बरी झाल्यावर रक्षा एकदा म्हणाली, "आई, त्या धड्यातल्या लोकांच्या दाराले तं कडुनिंब बी नव्हता." खरंच, त्यांनी कशाच्या भरवशावर दार उघडलं असेल? मीही उघडलं तेव्हा डहाळी झाडावरच होती. दार उघडणं तेवढं आपल्या हाती, पुढचं देवीवर सोडायचं. आता संध्याकाळी देवीपुढं दिवा लावते तेव्हा न पाहिलेल्या त्या घरांनाही हात जोडते. आणि मागच्या दाराला कडी लावत नाही.