वीट, ब्लॉक की चिरा?

घर बांधून झालं की दोन गोष्टी उरतात, वाळू आणि किस्से. वाळू शेजारी मागून नेतात, किस्से कोणी नेत नाही! नव्वदच्या आसपास आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला घर बांधलं. तेव्हाचे अजून माझ्याकडे पडून आहेत.

मी ऑफिसात फायली सरकवणारा माणूस. पण भिंती विटेच्या, सिमेंटच्या पोकळ ब्लॉकच्या की जांभ्या चिऱ्याच्या, हे मी 'शास्त्रशुद्ध' ठरवणार, असं घरी जाहीर केलं.

बायको, नलू, म्हणाली, "पावसाळ्याआधी ठरवा हो. कुठल्या वर्षीच्या, ते मी विचारत नाही!"

* * *

चांगली वीट कमरेइतक्या उंचीवरून पडली तरी फुटत नाही, असं मी वाचलं होतं. भट्टीवर गेलो, वीट उचलली, कमरेपाशी धरली आणि सोडली. थेट माझ्या पायावर!

मी एका पायावर नाचतोय आणि आमचे गवंडी, धर्मा मिस्त्री, वाकून बघतायत. मला वाटलं, पाय बघतायत.

"सायब, इट पक्की हाय! टवकापन उडाला नाय!"

* * *

मग वीट किती पाणी पिते ते बघायचं होतं. घरी वजनकाटा नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे कोरडी वीट मोजून आणली. दिवसभर बादलीत बुडवली आणि दुसऱ्या दिवशी ओली घेऊन पुन्हा त्याच्याकडे.

वाण्याचा चेहरा पडला. "का साहेब, काल कमी भरली होती का?"

* * *

ऑफिसातल्या कुलकर्णींनी ब्लॉकचं घर बांधलं होतं, ते बघायला गेलो. ते म्हणाले, "आत पोकळी असते, घर गार राहतं!" मला पटलंच. जोशात त्यांचं कॅलेंडरही मीच लावायला घेतलं. खिळा ठोकला, तो आत गेला. खळ्ळ! दुसरा ठोकला, तोही गेला. तिसरा घेतला, तेव्हा कुलकर्णींच्या आई म्हणाल्या,

"पुरे रे बाबा! भिंत आहे ती, दानपेटी नाही!"

* * *

फायदे-तोटे मांडणारा मोठा तक्ता मी केला. तो पूर्ण करून साइटवर गेलो, तर भिंती खिडकीपर्यंत आलेल्या! नलूने मिस्त्रींना परस्पर सांगून टाकलं होतं, "विटा आणा."

मी तक्ता दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. शेवटी विटाच ना?"

शेवटी विटाच होत्या.

* * *

वास्तुशांतीला आमचे साहेब आले. मूळचे रत्नागिरीचे. चिऱ्याशिवाय दुसऱ्या कशाला ते भिंतच म्हणत नसत. त्या महिन्यात बदल्यांची यादी त्यांच्याच टेबलावर होती आणि जळगावची एक जागा रिकामी होती.

गिलावा केलेल्या भिंतीवर हात फिरवत साहेब म्हणाले, "वा! चिराच वापरलात ना?"

"तुमचंच ऐकलं, साहेब!" मी म्हणालो.

साहेब खूश झाले. शेजारी धर्मा मिस्त्री लाडू खात उभे होते. एक हात भिंतीवर तसाच ठेवून साहेबांनी दुसऱ्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, काम झकास. चिरा कुठून आणलात?"

मिस्त्रींना ते फारच लागलं. लाडू ताटात ठेवून ते म्हणाले, "चिरा? सायब, माजी एक इट वाकडी दाखवा, आता भिंत पाडतो!"

साहेबांनी भिंतीवरचा हात काढला. खिशातून रुमाल काढून सावकाश पुसला.

"जळगावला," ते मला म्हणाले, "उन्हाळा फार असतो हो."